चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?

सॉफ्टवेअरच्या देखभालीचा करार नव्याने करायची वेळ आली की ग्राहक हा प्रश्न हमखास विचारतो. महापे, ऐरोली, वागळे इस्टेट इथल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणाऱ्या कुणालाही तो पाठ असेल. बिलात ‘लायब्ररी अपडेट’ अशी एक ओळ असते, तिच्यापुढे काही दिवसांचं काम लिहिलेलं असतं, आणि पडद्यावर मात्र काहीच नवं दिसणार नसतं. नवं बटण नाही, नवा रिपोर्ट नाही. मग पैसे कशाचे? प्रश्न रास्त आहे. त्यावर ‘ते टेक्निकल आहे, तुम्हाला नाही कळणार’ असं म्हणून वेळ मारून नेणं मला अजिबात पटत नाही. हे कळण्यासारखं आहे, आणि ज्याच्या पैशावर सॉफ्टवेअर चालतं त्याला तर कळायलाच हवं.

समजा, ठाण्यात नौपाड्यातल्या एका पतसंस्थेचं ॲप आहे. सभासदाला मोबाइलवर पासबुक दिसतं, ठेवीची पावती पीडीएफमध्ये मिळते, हप्ता भरला की एसएमएस जातो, वर्षअखेरीला ऑडिटरसाठी एक्सेल निघतं. बनवणाऱ्या टीमने व्याजाचा हिशोब आणि संस्थेचे नियम स्वतः लिहिले. पण पीडीएफची फाइल आतून कशी रचायची, एक्सेलमध्ये रकाने कसे भरायचे, पासवर्ड सुरक्षित कसा साठवायचा, हे त्यांनी लिहिलं नाही, आणि लिहूही नये. पासवर्ड साठवण्याची पद्धत घरच्या घरी शोधून काढणारी टीम ग्राहकाला धोक्यात घालते. अशा कामांसाठी दुसऱ्यांनी लिहिलेला, अनेकांनी वापरून पारखलेला तयार कोड घेतात. त्याला लायब्ररी म्हणायचं. असा कोड इंटरनेटवरच्या सार्वजनिक कोठारांत मिळतो. जावास्क्रिप्टवाले तो एनपीएमवरून घेतात, पायथॉनवाले पायपीआयवरून, जावावाले मेव्हन सेंट्रलवरून. आपला प्रोग्राम त्यावर अवलंबून असतो, म्हणून या लायब्रऱ्यांना डिपेंडन्सी असंही म्हणतात.

टीमने समजा वीस लायब्रऱ्या निवडल्या. त्या वीस लायब्रऱ्यांच्या लेखकांनीही आपलं काम हलकं करायला दुसऱ्या लायब्रऱ्या घेतलेल्या असतात, त्यांनी आणखी तिसऱ्या. प्रोजेक्ट उतरवून घेतला की डिस्कवर शेकड्यांनी फोल्डर दिसतात. निवडलेले वीसच; बाकीचे त्यांच्या पाठोपाठ आलेले. आपल्या कोडमध्ये त्यांचं नावही कुठे नसतं. तरीही साधारणपणे आपल्या प्रोग्रामला जे जे करता येतं ते त्यातल्या प्रत्येकाला करता येतं. डेटाबेस वाचता येतो, फाइल उघडता येते, माहिती बाहेर पाठवता येते. ग्राहकाला पहिल्यांदा समजून घ्यायला हवी ती गोष्ट ही.

मार्च २०१६ मध्ये हे सगळ्या जगाला एकदम दिसलं. लेफ्ट-पॅड नावाची अकरा ओळींची एक लायब्ररी होती. काम एवढंच की मजकूर ठरावीक लांबीचा होईपर्यंत डावीकडे रिकाम्या जागा किंवा शून्यं भरायची, म्हणजे ४२ चा ००००४२ करायचा. पासबुकावरचा खाते क्रमांक असाच तयार होतो. लेखकाचा दुसऱ्याच एका लायब्ररीच्या नावावरून वाद झाला आणि त्याने आपल्या सगळ्या लायब्रऱ्या एनपीएमवरून काढून घेतल्या. लेफ्ट-पॅड मात्र बॅबेलसारख्या (नवा जावास्क्रिप्ट कोड जुन्या ब्राउझरला चालेल असा करणारं साधन) मोठ्या प्रकल्पांच्या आत खोलवर होती. ठिकठिकाणी बिल्ड, म्हणजे कोड आणि लायब्रऱ्या एकत्र करून चालणारं सॉफ्टवेअर तयार करण्याचं काम, फेल होऊ लागले. एनपीएमने काही तासांत ती परत ठेवली आणि पुढे लायब्ररी काढून घेण्याचे नियम कडक केले.

आवृत्तीचे तीन आकडे आणि लॉक फाइल

लायब्ररीच्या आवृत्तीला बहुधा तीन आकडे असतात, उदाहरणार्थ ४.१७.२. शेवटचा आकडा वाढला तर फक्त दुरुस्ती झाली. मधला वाढला तर नवी सोय आली, जुनं सगळं तसंच चालेल. पहिला वाढला तर जुन्या पद्धतीने लिहिलेला आपला कोड मोडू शकतो. याला सिमँटिक व्हर्जनिंग म्हणतात. पहिला आकडा शून्य असेल तर लेखकाने अजून कसलंच आश्वासन दिलेलं नाही असं समजायचं.

एनपीएमच्या प्रोजेक्टमध्ये आवृत्तीआधी ^ हे चिन्ह असेल तर पहिला आकडा कायम ठेवून पुढची नवीत नवी आवृत्ती उतरू शकते. ~ असेल तर फक्त शेवटचा आकडा पुढे सरकतो. याचा परिणाम असा की सोमवारी एका मशीनवर एक आवृत्ती उतरते आणि गुरुवारी नव्याने रुजू झालेल्या मुलीच्या लॅपटॉपवर दुसरी. मग एकीकडे पावती नीट निघते, दुसरीकडे निघत नाही, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

त्यावर उपाय लॉक फाइल. प्रत्यक्षात कोणती आवृत्ती उतरली हे पाठोपाठ आलेल्यांसकट तिच्यात नोंदलेलं असतं, आणि उतरवलेल्या फाइलशी ताडून पाहायला तिचा ठसाही असतो. ही फाइल कोडबरोबर गिटमध्ये, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवायचीच. सर्व्हरवर जाणारा बिल्ड ‘एनपीएम सीआय’ या आज्ञेने करायचा. ती लॉक फाइलमधलं जसंच्या तसं उतरवते आणि मेळ बसला नाही तर थांबते. पायथॉन, पीएचपी, रस्ट सगळीकडे अशी सोय आहे. जावाच्या मेव्हनची रीत वेगळी. तिथे आवृत्ती बहुधा नेमकी लिहितात, पण दोन लायब्रऱ्यांनी एकाच तिसरीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या मागितल्या तर कोणी कोणाला आणलं त्याच्या झाडात जी आपल्या प्रोजेक्टला जवळची तीच घेतली जाते, मग ती जुनी का असेना. एनपीएम अशा वेळी दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवू शकतं. म्हणून जावाच्या प्रोजेक्टमध्ये ‘आम्ही अपडेट केलं’ एवढ्यावर विश्वास ठेवू नये. डिपेंडन्सीचं झाड छापून प्रत्यक्ष काय आलं ते बघावं.

लॉक फाइलचा एक तोटाही सांगायला हवा. ती आवृत्ती बांधून ठेवते. कुणी मुद्दाम हात लावला नाही तर वर्षानुवर्षं तेच जुनं उतरत राहतं, आणि सगळं व्यवस्थित आहे असं वाटत राहतं.

जुनं तसंच ठेवलं तर काय होतं?

अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीच्या एका पोर्टलमध्ये अपाचे स्ट्रट्स ही जावा लायब्ररी होती. तिच्या सुरक्षेतलं गंभीर भोक मार्च २०१७ मध्ये जाहीर झालं, त्याच वेळी दुरुस्त आवृत्तीही आली. ती त्या पोर्टलवर बसवली गेली नाही. मे महिन्यात चोर आत शिरले आणि जुलैअखेरपर्यंत आतच होते. सुमारे १४.७ कोटी लोकांची नावं, जन्मतारखा, सोशल सिक्युरिटी क्रमांक गेले. भोक जाहीर होणं म्हणजे कुलूप कसं उघडतं ते सगळ्यांना सांगणं. त्यानंतर जुनी आवृत्ती चालवणं हे आधी चालवण्यासारखं राहत नाही. आपल्या बाजूने एक अक्षर बदललेलं नसतं, तरी धोका रातोरात वाढलेला असतो. ‘चालतंय ना’ या प्रश्नाचं माझं खरं उत्तर हेच आहे.

दुसरं उदाहरण लॉग४जे या जावा लायब्ररीचं. प्रोग्राममध्ये काय घडलं त्याची नोंद ठेवणं हे तिचं काम. डिसेंबर २०२१ मध्ये कळलं की नोंदवायच्या मजकुरात विशिष्ट प्रकारची ओळ असेल तर लायब्ररी ती नुसती लिहून ठेवत नाही, तिच्यातल्या पत्त्यावर जाऊन तिथला कोड आणून चालवू शकते. म्हणजे लॉगिनच्या खिडकीत नावाच्या जागी कुणीही ती ओळ टाइप करायची, प्रोग्रामने ‘या नावाने लॉगिन फसलं’ अशी नोंद केली की काम झालं. या भोकाला तीव्रतेचे १० पैकी १० गुण मिळाले. दुरुस्तीही एका फेरीत संपली नाही. २.१५.० आली, तिच्यात उणीव निघाली, म्हणून २.१६.०, मग २.१७.०, आणि महिना संपायच्या आत २.१७.१.

त्या आठवड्यांत अपडेट करण्याआधीच एक प्रश्न जगभर लोकांना छळत होता: ही लायब्ररी आपल्याकडे आहे का, आणि कुठे कुठे आहे? थेट घेतलेली असेल तर शोधणं सोपं. पण ती तिसऱ्या-चौथ्या पायरीवर, कुठल्यातरी विकत घेतलेल्या रिपोर्ट सॉफ्टवेअरच्या पोटात असायची. यातूनच घटकांच्या यादीचा आग्रह वाढला. त्या यादीला एसबॉम म्हणतात: सॉफ्टवेअरमध्ये कोणकोणत्या लायब्रऱ्या, कोणत्या आवृत्तीच्या आहेत त्याची यंत्राला वाचता येईल अशी नोंद. आपल्याकडे सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ही यादी हाताने लिहायची नसते, बिल्डच्या वेळी आपोआप काढता येते. मी म्हणेन, पतसंस्थेने सॉफ्टवेअर ताब्यात घेताना ती मागावी, आणि प्रत्येक मोठ्या बदलानंतर नवी मागावी. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात सुरक्षेचे वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की त्या डेटाबेसमध्ये कुणाच्या तरी निवृत्तीच्या पैशांचा हिशोब असतो.

सुरक्षेखेरीज दुसरं कारण पैशाचं आहे. वाशी-नेरूळकडच्या जुन्या सिडको इमारतीत राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. संडासाच्या पाइपची गळती वेळीच काढली तर प्लंबरचा एक दिवस जातो. नाही काढली तर पाणी स्लॅबमध्ये मुरतं, सळ्या गंजून फुगतात, खालच्या घरात प्लास्टर पडतं, आणि मग स्ट्रक्चरल ऑडिट, टेकू, सगळ्या सभासदांची वर्गणी. लायब्ररीचंही असंच साचत जातं. सर्व्हरवरचे प्रोग्राम लिहायला वापरल्या जाणाऱ्या, जावातल्या स्प्रिंग बूटची तिसरी आवृत्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये आली. तिला किमान जावा १७ लागतो, आणि ‘जावाएक्स’ने सुरू होणारी अनेक नावं तिच्यात ‘जकार्ता’ने सुरू होतात. ज्यांनी जावा आधीच पुढे नेला होता, बाकीच्या लायब्रऱ्या ताज्या ठेवल्या होत्या, त्यांच्यासाठी हा बदल बराचसा नावं बदलण्याचा होता. जावा ८ वर अडकलेल्यांना मात्र जावा, स्प्रिंग, डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी, टेस्ट लिहायची साधनं, सगळं एकदम हलवावं लागलं. काही बिघडलं तर नेमकं कशामुळे, हे अशा वेळी सांगता येत नाही. त्यात २०२३ संपेपर्यंत जुन्या २.७ आवृत्तीच्या मोफत दुरुस्त्याही थांबल्या.

मग आलं की लगेच घ्यायचं?

नाही. इथे अनेक उत्साही टीम चुकतात. नवी आवृत्ती म्हणजे सुरक्षित आवृत्ती असं नसतं.

२०२४ मध्ये लिनक्सवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनात चोरदार सापडलं. ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांत ते होतं. दोनेक वर्षं मन लावून मदत करून विश्वास मिळवलेल्या एका सहभागीने ते घातलं होतं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्याने मूळ शोधलं आणि २९ मार्चला जाहीर केलं. तोवर त्या आवृत्त्या डेबियन आणि फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांच्या पुढच्या, चाचणीच्या शाखांत पोचल्या होत्या. स्थिर आवृत्ती वापरणारे वाचले.

सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवर याहून साधा प्रकार झाला. खोट्या ईमेलला फसून एका देखभाल करणाऱ्याच्या खात्याचा ताबा गेला आणि चॉक, डिबग यांसारख्या अठरा लायब्रऱ्यांच्या विषारी आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. या सगळ्या मिळून आठवड्याला दोनशे कोटींहून जास्त वेळा उतरवल्या जात होत्या. विषारी आवृत्त्या काही तासांतच काढल्या गेल्या. नेमक्या त्या तासांत लॉक फाइलशिवाय बिल्ड करणाऱ्यांच्या गळ्यात त्या पडू शकत होत्या. दुसऱ्या दिवशी अपडेट करणाऱ्याला काही झालंच नसतं.

म्हणून दोन वेगळे वेग ठेवायचे. नेहमीचं अपडेट आलं की आठवडाभर थांबायचं. तेवढ्यात बहुतेक उघड गोंधळ बाहेर येतात. डिपेंडाबॉट आणि रेनोव्हेट ही अपडेट सुचवणारी साधनं आहेत, दोन्हींत अशी मुदत घालता येते. सुरक्षेची दुरुस्ती मात्र या मुदतीत अडकवायची नाही. तिचा इशारा आला की त्याच दिवशी वाचायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा: ही उणीव आपल्या वापरात पोहोचते का? ‘एनपीएम ऑडिट’सारखी साधनं लांबलचक लाल यादी दाखवतात. तिच्यातल्या कित्येक लायब्रऱ्या फक्त डेव्हलपरच्या मशीनवर वापरात असतात, सर्व्हरवर जातच नाहीत. इंटरनेटवरून आलेला मजकूर ज्या लायब्ररीतून जातो तिचा नंबर आधी.

भोक पाठोपाठ आलेल्या लायब्ररीत असेल तर आधी तिला आणणारी लायब्ररी पुढे नेऊन बघायची. तिच्या लेखकाने अजून दुरुस्ती घेतली नसेल तर एनपीएममध्ये ‘ओव्हरराइड्स’, मेव्हनमध्ये ‘डिपेंडन्सी मॅनेजमेंट’ वापरून आतली आवृत्ती आपण ठरवू शकतो. हा तात्पुरता टेकू आहे. का लावला आणि कधी काढायचा हे तिथेच लिहून ठेवावं, कारण वर्षभराने तो कुणालाच आठवत नाही.

प्रत्यक्ष बदलताना

सगळ्यात आधी न वापरलेल्या लायब्रऱ्या काढून टाकाव्यात. जी नाही तिला अपडेट लागत नाही. नंतर एका वेळी एकच लायब्ररी, किंवा एकमेकींवर अवलंबून असलेला एकच संच. बदलांची नोंद वाचायची, विशेषतः पहिला आकडा वाढला असेल तेव्हा. दोन-तीन मोठ्या आवृत्त्या मागे असाल तर एकदम उडी न मारता मधल्या आवृत्तीवर थांबत जावं, कारण अनेक लायब्रऱ्या ‘हे पुढच्या आवृत्तीत काढणार आहोत’ असा इशारा आधीच्या आवृत्तीत देतात. उडी मारली की तो वाचायला मिळत नाही.

तपासणीवर मी सर्वात जास्त वेळ देईन, आणि ती मराठी ग्राहकांच्या सॉफ्टवेअरसाठी थोडी वेगळी आहे. पीडीएफची लायब्ररी बदलली की देवनागरी हमखास बघावी. आपली लिपी नुसती एकामागे एक अक्षरं ठेवून उमटत नाही; वेलांटी आधी न्यावी लागते, जोडाक्षर घडवावं लागतं, रफार वर चढवावा लागतो. हे काम बहुतेक ठिकाणी हार्फबझसारखा वेगळा भाग करतो. नव्या आवृत्तीत तो जोडायचा राहिला तर ‘कर्ज’चा रफार सुटून ‘कर्‌ज’ होतो, ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी मागे जाऊन बसते. आपोआप चालणारी टेस्ट यावर हिरवी खूण देईल, कारण फाइल तयार झाली आणि तिच्यातला मजकूर काढला तर तोही बरोबर आहे. पावती छापून माणसाने वाचल्याशिवाय हे कळत नाही.

उलट काही बदल डोळ्याला दिसतच नाहीत. तारीख-वेळ लिहिण्याच्या जागतिक नियमांचा सीएलडीआर नावाचा संग्रह आहे. त्याच्या ४२ व्या आवृत्तीत इंग्रजी वेळेतली ‘४:३०’ आणि ‘पीएम’ यांच्या मधली साधी मोकळी जागा बदलून तिथे एक अरुंद, न तुटणारी जागा आली. जावा २० मध्ये ती उतरली. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. पण बँकेकडून आलेल्या फाइलमधली साधी जागा असलेली वेळ वाचायला गेलं की प्रोग्राम चूक दाखवतो. हे फक्त टेस्ट पकडते, तीही खऱ्या नमुन्याची फाइल टेस्टमध्ये ठेवली असेल तर.

पैशाच्या हिशोबासाठी याहून चांगला मार्ग आहे. गेल्या मार्चअखेरचं सगळ्या खात्यांचं व्याज जुन्या आणि नव्या दोन्ही आवृत्त्यांवर काढायचं आणि पैशापर्यंत ताडून बघायचं. एका खात्यात एका पैशाचा फरक आला तरी थांबायचं, कारण ते अपूर्णांक कुठे तोडायचे याचा नियम बदलल्याचं लक्षण असू शकतं आणि तो सगळ्या खात्यांना लागू होतो.

सर्व्हरवर चढवायची वेळही महत्त्वाची. मार्चचा दुसरा पंधरवडा आणि लाभांश वाटपाचे दिवस सोडावेत. आधीचा बिल्ड लॉक फाइलसकट हाताशी ठेवावा, म्हणजे बिघडलंच तर मागे येणं काही मिनिटांचं काम राहतं.

आणि लायब्ररीचा लेखकच थांबला असेल तर? असं वारंवार होतं. बहुतेक लायब्रऱ्या एकदोघं जण आपल्या फावल्या वेळात सांभाळतात. नोकरी बदलते, मूल होतं, आवड संपते. अशा वेळी बारीकसारीक काम असेल तर ते स्वतः लिहून लायब्ररी सोडावी. मोठं असेल तर दुसरी निवडावी, आणि निवडताना शेवटची आवृत्ती कधी आली, सुरक्षेच्या तक्रारीला उत्तर मिळतं का, सांभाळणारे किती, हे आधी बघावं. ज्या लायब्ररीवर धंदा उभा आहे तिच्या लेखकाला पैसे देणं ही भीक नव्हे, तोही देखभालीचाच खर्च आहे.

हे सगळं करारात उतरलं तरच होतं. वार्षिक देखभालीच्या करारात साधारण चार गोष्टी लिहून घ्याव्यात: दर महिन्याला लायब्रऱ्यांसाठी राखलेले तास, गंभीर सुरक्षा इशारा आल्यावर किती दिवसांत दुरुस्ती किंवा लेखी उत्तर, वर्षातून एकदा पहिला आकडा वाढलेल्या आवृत्त्यांचा वेगळा अंदाज, आणि प्रत्येक मोठ्या बदलाबरोबर घटकांची ताजी यादी आणि लॉक फाइल संस्थेच्या ताब्यात. शेवटचा मुद्दा विशेष धरून ठेवावा. उद्या संस्थेने दुसऱ्या कंपनीकडे काम दिलं तर त्या कंपनीला पहिल्याच दिवशी जुनं ॲप जसंच्या तसं पुन्हा उभं करता यायला हवं.